बसून गायचं, उठून नाचायचं

व्होल्गाकाठच्या सारातोवकडचं लग्न. नोंदणी कचेरीतल्या सह्या, फोटो, सगळं उरकलंय. पाहुणे आता लांबलचक टेबलाभोवती बसलेत. ऑलिव्हिए सॅलड, खारवलेल्या काकड्या, व्होडका. रशियन घरातला खरा समारंभ इथे सुरू होतो, आणि लवकर संपत नाही.

नवरा-नवरीच्या नावाने दोन-तीन पेले रिकामे झाले की एखादी मावशी आपणहून सूर लावते. पहिली ओळ तिची एकटीची. दुसरीला बाकीचे येऊन मिळतात, कुणी वरच्या पट्टीत, कुणी खर्जात. गाणं संथ, बरेचदा दुःखी: गवताळ माळावर थंडीने गारठून मरणारा गाडीवान, नाहीतर परतून न आलेला प्रियकर. लग्नात ही रडगाणी कशाला, असं आपल्याला वाटेल. तिथे कुणालाच वाटत नाही.

मग गारमोन निघते. खांद्याला पट्ट्याने अडकवायची भात्याची पेटी. उजव्या हाताला चाल, डाव्याला ठेका. सारातोवच्या पेटीला दोन छोट्या घंटाही असतात. ठेक्याबरोबर त्या किणकिणतात आणि खुर्च्या मागे सरकतात.

आता चास्तुश्का. चार ओळींचं यमक जुळवलेलं गाणं, झटपट आणि बोचरं. दोघी समोरासमोर उभ्या राहतात, कलगी-तुऱ्यासारख्या. एकीने जावयाच्या आळशीपणावर ओळी टाकल्या की दुसरी सासूच्या जिभेवर परतवते. मधल्या वेळात टाचांचा नुसता कडकडाट. वादक चाल बदलत नाही. सगळी गंमत शब्दांत. काही ओळी इतक्या चावट की इथे ऐकवता येणार नाहीत.

उकिडवं बसून पाय झाडायचा तो प्रसिद्ध नाच? तो बघायला रंगमंचावर जावं. लग्नात एखादा हौशी पुतण्या दोन-चार फेऱ्या मारतो आणि गुडघे धरून बसतो. ‘कालिन्का’ या गाण्याचंही तसंच: १८६० साली सारातोवलाच इव्हान लारिओनोव यांनी ती रचली, पण खपते मात्र लोकगीत म्हणून.

मुलांच्या वाढदिवसाला वेगळीच तऱ्हा. उत्सवमूर्तीभोवती हात धरून फेर, तोंडी ‘करावाय’चं, म्हणजे गोल पावाचं, गाणं. पाव एवढा उंच म्हणताना सगळ्यांचे हात वर, एवढा बुटका म्हणताना सगळे खाली. रुंद म्हटलं की फेर पसरतो, अरुंद म्हटलं की मधल्या पोरावर कोसळतो.

शहरातल्या लग्नात हल्ली ‘तमादा’ असतो, म्हणजे पैसे देऊन बोलावलेला सूत्रसंचालक, आणि सोबत डीजे. सोव्हिएत काळात तरुण असलेली मंडळी त्याच्याकडे मध्येच मिथुनच्या ‘जिमी जिमी’ची फर्माईश करतात. मग आत्याबाई टाचा विसरून चक्क डिस्को करतात.