कडक भाषेशी जुळवून घेताना

(नागपुरात तरुण प्रोग्रामरांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो,

तुमच्यापैकी बहुतेकांची वाट सारखीच असते. पहिल्या वर्षाला सी, तेही परीक्षेपुरतं. मग पायथॉन, कारण प्रोजेक्ट त्यात लवकर उरकतो. मग जावास्क्रिप्ट, कारण वेबसाइट करायची असते. पुढे नोकरी लागते, मिहानमध्ये, परसोडीच्या आयटी पार्कात, नाहीतर पुण्याला, आणि तिथे समोर येतं टाइपस्क्रिप्ट, गो, कॉटलिन किंवा रस्ट. या कडक भाषा, म्हणजे प्रोग्राम चालवण्याआधीच तपासून चुका दाखवणाऱ्या. दोन-तीन वर्षं हात बसलेला माणूस अचानक अडखळायला लागतो. प्रोग्राम चालवून बघायची सवय असते, आणि इथे तो चालायच्या आधीच अडतो.

या अडखळण्याबद्दल मला आज बोलायचं आहे. नव्या भाषेचं व्याकरण थोड्या दिवसांत येतं, त्याची चिंता करू नका. जुळवून घ्यायला वेळ लागतो तो वेगळ्याच गोष्टीला. जो विचार आपण आजवर प्रोग्राम फसल्यावर करत होतो, तो आता लिहिण्याआधी करावा लागतो. हे कोणी स्पष्ट सांगत नाही, आणि मग हुशार मुलंसुद्धा कंपायलरशी, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामशी, भांडत बसतात.

एक छोटा प्रोग्राम घेऊ. कळमन्याच्या बाजारात संत्र्याचा माल आला आहे. अडत्याला पावती करायची आहे: शेतकऱ्याचं नाव, फोन, वजन, दर, बहार (म्हणजे फळाचा हंगाम) आणि एकूण रक्कम. एवढंच.

पहिली अडचण नावांची. पायथॉनमध्ये व्हेरिएबलला, म्हणजे माहिती साठवायच्या जागेला, मराठी नाव देता येतं, म्हणून मराठीतच सांगतो. सुरुवातीला ‘एकूण’ म्हणजे शून्य असं लिहिलं. मग प्रत्येक पेटीचं वजन त्यात मिळवत गेलो. पण मिळवताना बरोबरच्या चिन्हाच्या डाव्या बाजूला उकार ऱ्हस्व पडला, ‘एकुण’. पायथॉन काहीही बोलत नाही. त्याच्या लेखी तुम्ही आणखी एक व्हेरिएबल तयार केलं. बेरीज त्यात जाते, आणि पावतीवर छापलं जातं दीर्घ उकाराचं ‘एकूण’, म्हणजे शून्य. रस्टमध्ये हाच प्रोग्राम लिहा, तो त्या ओळीवर थांबतो आणि सांगतो की या नावाचं इथे काही नाही. नाव आधी जाहीर करा, मग वापरा.

हा नियम कोणी हौसेनं लादलेला नाही. १९५७च्या फोर्ट्रानमध्ये जाहीर न करताच नाव वापरता येई: आय ते एन या अक्षरांनी सुरू झालं तर पूर्णांक, नाहीतर दशांश. सोय म्हणूनच केलं होतं. त्या सोयीनं टायपिंगच्या इतक्या चुका पोटात घातल्या की फोर्ट्रान ९०च्या प्रमाण आवृत्तीत ‘इम्प्लिसिट नन’ ही ओळ आली, म्हणजे गृहीत काही धरू नकोस, मी सांगतो तेवढंच मान. १९९५च्या जावास्क्रिप्टलाही २००९मध्ये कडक नियम लागू करणारं ‘युज स्ट्रिक्ट’ मिळालं, ते याच वाटेनं. सैल भाषा वापरणाऱ्यांनीच, अनुभवानं, कडकपणा मागून घेतला आहे.

आता वजनाकडे येऊ. वेबच्या फॉर्ममधून जे येतं ते मजकूर असतं, आकडा नसतो. कोणी २० लिहिलं तर आपल्या हाती येतात दोन अक्षरं, दोन आणि शून्य. जावास्क्रिप्टमध्ये या ‘२०’ला ४०च्या दरानं गुणा, उत्तर ८०० येतं, बरोबर. कारण गुणायला आकडे लागतात म्हणून ती भाषा गुपचूप रूपांतर करते. आता दुसऱ्या पेटीचं वजन ५ आहे, ते मिळवा. २५ येत नाही, २०५ येतं. अधिकचं चिन्ह मजकुरासाठी जोडणी करतं. एका पेटीची पावती करून पाहिली, बरोबर निघाली, म्हणून ग्राहकाला दिली. दोन पेट्यांचा शेतकरी आला तेव्हा हिशेब आठपट झाला. चूक केली तेव्हा काही दिसलं नाही. ती दिसली दुसऱ्या माणसापुढे, दुसऱ्या दिवशी.

चेकवर आपण रक्कम अंकात लिहितो आणि पुन्हा अक्षरी लिहितो. दोन्ही जुळले नाहीत तर बँक तिथेच विचारते. टाइप, म्हणजे ती गोष्ट आकडा आहे की मजकूर की आणखी काही, हे जाहीर करणं असंच आहे: जे मनात आहे ते दुसऱ्या पद्धतीनं एकदा मांडायचं, म्हणजे दोन्हींतला फरक यंत्राला दिसतो. प्रत्येक वेळी हातानं लिहावंच लागतं असंही नाही. संगणकशास्त्रज्ञ रॉबिन मिल्नर यांनी १९७०च्या दशकात एमएल या भाषेसाठी टाइप ओळखून काढण्याची रीत बसवली, तिचा वारसा आजच्या बहुतेक कडक भाषांत आहे. गोमध्ये ‘वजन’ला २० दिलं की तो पूर्णांक हे भाषा स्वतः ओळखते.

इथे जाता जाता एक सांगतो, कारण मराठी माणसाला हे कुठे वाचायला मिळत नाही. गोमध्ये ‘वजन’ आणि ‘दर’ ही नावं चालतात, पण ‘किंमत’ चालत नाही. गोच्या नियमाप्रमाणे नावात अक्षरं आणि अंक चालतात, पण युनिकोडमध्ये वेलांटी, अनुस्वार, उकार ही अक्षरं म्हणून मोजली जात नाहीत. पायथॉन आणि रस्ट ती स्वीकारतात. आपल्या लिपीवर हा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि तो दूर व्हायला हवा.

गोमध्ये त्याच फॉर्ममधलं वजन घ्या. मजकुराचा आकडा करणारं फंक्शन तिथे दोन गोष्टी परत देतं, आकडा आणि त्रुटी. दोन्हींना नाव दिलं आणि त्रुटीकडे पाहिलंच नाही, तर कंपायलर सांगतो की हे जाहीर केलंस पण वापरलं नाहीस, आणि प्रोग्राम तयारच होत नाही. नवख्याला इथे राग येतो. पण तो प्रश्न नीट ऐका: वजनाच्या जागी कोणी भलतंच लिहिलं तर तुझा अडत्या काय करणार? हा प्रश्न पायथॉनमध्येही होता, फक्त विचारला जात नव्हता. मराठी कीबोर्डवरून कोणी देवनागरी अंकांत ‘२०’ लिहिलं तर? पायथॉन त्याचा आकडा करून देतो. जावास्क्रिप्ट ‘नॅन’ देतं, म्हणजे ‘हा आकडा नाही’ असा एक आकडा, आणि तो पुढच्या सगळ्या बेरजांत मुरत जातो. गो त्रुटी देतो, आणि मग ठरवावं लागतं: पुन्हा विचारायचं, की अंक बदलून घ्यायचे. ठरवणारे तुम्ही.

या टप्प्यावर बरेच जण एक पळवाट शिकतात. टाइपस्क्रिप्टमध्ये जिथे लाल रेघ दिसेल तिथे ‘एनी’ (कुठलाही टाइप चालेल) टाकतात, रस्टमध्ये दर ओळीला ‘अनरॅप’ (त्रुटी आली तर प्रोग्राम तिथेच थांबव) आणि ‘क्लोन’ (सरळ प्रत काढ) लावतात, गोमध्ये त्रुटीच्या जागी खालची रेघ देऊन ती टाकून देतात. प्रत्येकाला रास्त जागा आहे, पण सवय म्हणून वापरलं तर तुम्ही नव्या भाषेत जुनीच भाषा लिहिताय. कष्ट नव्या भाषेचे, धोके जुन्या भाषेचे. माझा आग्रह आहे की पहिल्या महिन्यात याच तीन गोष्टींवर नजर ठेवा. कंपायलरला गप्प करण्यापूर्वी, तो नेमकं काय विचारतोय ते वहीत एका वाक्यात लिहून काढा.

पळवाटेऐवजी काय करायचं? बाहेरून येणारी प्रत्येक गोष्ट दारातच तपासायची. फॉर्म, फाइल, डेटाबेस, दुसऱ्याचा सर्व्हर, जिथून माल आत येतो तिथे मजकुराचा पक्का टाइप करायचा, नाहीतर तिथूनच परत पाठवायचा. मग आतल्या फंक्शनांना संशय घ्यावा लागत नाही. टाइपस्क्रिप्टवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण तिथले टाइप प्रोग्राम चालताना उरतच नाहीत. सर्व्हरकडून आलेल्या माहितीला तुम्ही ‘पावती’ म्हटलं म्हणून ती पावती होत नाही. पायथॉनचंही तसंच: २०१५च्या ३.५ आवृत्तीपासून टाइपच्या सूचना लिहिण्याची ठरलेली पद्धत आहे, पण चालताना भाषा त्या पडताळत नाही. त्यासाठी मायपाय हे तपासणीचं साधन वेगळं चालवावं लागतं.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग.

सीमध्ये टाइप शिकलो म्हणजे टाइप कळले असं आपल्याला वाटतं. सीमधला टाइप मुख्यतः सांगतो की मेमरीत किती बाइट घ्यायचे आणि ते कसे वाचायचे. आपल्या कॉलेजांत वर्षानुवर्षं चाललेल्या टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, दोन बाइटांचा, म्हणून ३२७६७च्या पुढे गेला की उणे व्हायचा. आज ज्या भाषा शिकताय त्यांत टाइपला याहून मोठं काम देता येतं: ती वस्तू काय आहे ते सांगण्याचं.

फोन घ्या. नागपूरचा एसटीडी कोड ०७१२. आकडा म्हणून साठवला तर पुढचं शून्य जातं, ७१२ उरतात. सीमध्ये थेट ०७१२ लिहिलं तर त्याचे ४५८ होतात, कारण शून्यानं सुरू होणारी संख्या तिथे आठच्या पायाची मानतात. फोनची बेरीज आपण कधी करत नाही. मग तो आकडा कशाला? त्याला ‘फोन’ नावाचा स्वतःचा टाइप द्या.

बहार घ्या. संत्र्याचा अंबिया असतो आणि मृग असतो. मजकूर ठेवला तर कोणी ‘आंबिया’ लिहील, कोणी ‘अंबीया’, आणि महिनाअखेरच्या तक्त्यात दोनाऐवजी चार बहार दिसतील. रस्टमध्ये ‘बहार’ हा टाइप करा, त्यात पर्याय दोनच. तिसरं काही लिहिताच येणार नाही. पुढच्या वर्षी अडत्या म्हणाला की हस्त बहारही घ्या, तर यादीत एक नाव वाढवा आणि कंपाइल करा. जिथे जिथे बहारानुसार तुम्ही वेगळं वागलात आणि ‘बाकी सगळे’ असं मोघम लिहिलं नाहीत, ती प्रत्येक जागा कंपायलर ओळीच्या क्रमांकासकट काढून देतो: इथे अंबिया आहे, मृग आहे, हस्त राहिला. एवढी मोठी फाइल डोळ्यांनी चाळायची गरज नाही. मला विचाराल तर कडक भाषा शिकण्याचं खरं सुख इथे आहे, आणि हे जोवर एकदा हातानं केलं नाही तोवर ते कळत नाही.

वजनही तसंच. किलो आणि क्विंटल दोन्ही संख्याच, पण एकात दुसरं मिळवलं तर हिशेब गेला. त्यांना वेगवेगळे टाइप द्या, म्हणजे रूपांतर केल्याशिवाय बेरीजच होणार नाही. ही चूक फक्त बाजारात होते असं समजू नका. १९९९च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान मंगळापाशी नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंड-फोर्स सेकंदांत देत होतं, घेणारं ते न्यूटन-सेकंद समजत होतं. संख्या पोचत होत्या, एकक पोचत नव्हतं.

नसलेल्या गोष्टीचं थोडक्यात सांगतो. एखाद्या शेतकऱ्याकडे फोन नसतो. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६५मध्ये एका भाषेत ‘नल’ संदर्भ, म्हणजे ‘इथे काहीच नाही’ असं सांगणारी खूण, आणला आणि २००९मध्ये त्यालाच आपली अब्ज डॉलरची चूक म्हटलं. कॉटलिन आणि रस्टमध्ये ‘फोन’ आणि ‘असेल तर फोन’ हे दोन वेगळे टाइप आहेत. दुसरा वापरायचा तर नसेल तेव्हा काय, ते लिहावंच लागतं.

एवढं कौतुक केल्यावर दुसरी बाजूही सांगायलाच हवी. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुरुवातीच्या चाळीसेक सेकंदांत फुटून नष्ट झालं. त्याचा प्रोग्राम एडा भाषेत होता, आणि एडा अत्यंत कडक भाषा आहे. ६४ बिटांची एक दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवताना ती मावली नाही. तीच टर्बो सीची ३२७६७ची मर्यादा. भाषेनं नियम पाळला होता. अशा सात व्हेरिएबलांपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तीन तशीच ठेवली होती, कारण एरियन ४च्या वेगांत ती संख्या तेवढी मोठी होणं शक्य नव्हतं. एरियन ५ जास्त वेगानं आडवं सरकलं. कंपायलर प्रश्न विचारू शकतो, उत्तराची खातरजमा माणसाला करावी लागते.

आणि प्रत्येक कामाला हा कडकपणा लागत नाही. एकदाच चालवून टाकून द्यायची स्क्रिप्ट, माहितीचा अंदाज घ्यायला काढलेला आलेख, यांना पायथॉनच बरं. जो प्रोग्राम दुसऱ्याच्या हातात जाणार, वर्षभर टिकणार, किंवा पैसे मोजणार, तिथे माझा हट्ट असतो.

मघाशी एकानं चिठ्ठी पाठवली आहे: आमच्या टीमचं सगळं जुनं काम जावास्क्रिप्टमध्ये आहे, मॅनेजर पुन्हा लिहायला वेळ देणार नाहीत, सुरुवात कुठून करू? पुन्हा लिहू नका. टाइपस्क्रिप्ट जावास्क्रिप्टच्या शेजारी नांदतं, एकेक फाइल बदलता येते. सेटिंगमध्ये ‘स्ट्रिक्ट’, म्हणजे कडक तपासणी, पहिल्या दिवसापासून चालू ठेवा, नंतर चालू करायला गेलात तर चुकांचा डोंगर एकदम अंगावर येतो. आणि फाइल निवडताना जिथे रक्कम ठरते ती आधी घ्या, मग ग्राहकाची माहिती आत येते ती. बटणांचे रंग ठरवणारी फाइल पुढच्या वर्षी केली तरी चालेल.