ओव्हनमध्ये भाजलेला मदरबोर्ड

[दृश्य: लॅपटॉपची स्क्रीन. उभ्या रंगीत रेघा, त्यामागे अर्धवट दिसणारा लॉगिनचा चौकोन.]

ग्राफिक्स चिप, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी चिप, मरायच्या आधी खुणा देते. स्क्रीनवर रेघा येतात, रीस्टार्ट केलं की जातात. पुढे ठिपक्यांची जाळी दिसू लागते, ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारं सॉफ्टवेअर, लोड होताना मशीन अडकतं. शेवटी पंखा फिरतो, दिवे लागतात, हार्ड डिस्कचा आवाजही येतो, पण स्क्रीन काळी ती काळीच. अशा वेळी बाहेरचा मॉनिटर जोडून पाहावा. तिथेही त्याच रेघा उमटल्या, तर स्क्रीन आणि तिची केबल बहुधा निर्दोष असतात. बिघाड चिपमध्ये असतो, फार तर तिच्या शेजारच्या मेमरीत.

लॅपटॉपमध्ये ही चिप बहुतेक वेळा मदरबोर्डवरच पक्की बसवलेली असते. तिच्या पोटाखाली सोल्डरच्या, म्हणजे जोड देणाऱ्या मिश्रधातूच्या, शेकडो गोळ्या असतात. या बांधणीला बीजीए (बॉल ग्रिड अ‍ॅरे) म्हणतात. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारलं, तर अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगतात, आणि जुन्या मशीनच्या बाबतीत तो खर्च मशीनच्या किमतीलाच जाऊन भिडतो. मग माणूस घरगुती उपायाकडे वळला, तर त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

[दृश्य: सुटा केलेला मदरबोर्ड. अ‍ॅल्युमिनियम फॉइलच्या चार गोळ्यांवर अलगद टेकवला जातो.]

उपाय असा सांगतात. लॅपटॉप पूर्ण खोलायचा. बॅटरी, रॅम, प्रोसेसर, पंखा, घड्याळाचा छोटा सेल, सगळं काढायचं. चिपवरची उष्णता वाहून नेणारी जुनी थर्मल पेस्ट पुसायची. उघडा बोर्ड फॉइलच्या गोळ्यांवर टेकवून २०० अंशांवर तापलेल्या ओव्हनमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवायचा, आणि थंड होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. कुणी ओव्हनऐवजी हॉट एअर गन वापरतं. कुणी तर चालू लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून त्याला स्वतःच्याच उष्णतेत शिजू देतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण त्यात लिथियमची बॅटरीही तापते.

पुन्हा जोडणी होते, बटण दाबलं जातं, आणि पुष्कळदा स्क्रीन उजळतेही. मेलेलं मशीन असं डोळ्यांसमोर उठलं की माणसाचा त्या उपायावर विश्वास बसणारच. सोल्डर वितळलं, तुटलेले जोड सांधले गेले, असं स्पष्टीकरणही तयार असतं. या कृतीला नावही तेच मिळालं आहे, रिफ्लो, म्हणजे सोल्डर पुन्हा वितळवणं.

हे स्पष्टीकरण आकड्यांपुढे टिकत नाही. युरोपीय संघाचे रोह्स नियम, म्हणजे विजेच्या वस्तूंमधल्या घातक पदार्थांवरचे निर्बंध, १ जुलै २००६ पासून लागू झाले आणि बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक्सच्या सोल्डरमधून शिसं हद्दपार झालं. त्याच्या जागी आलेल्या एका प्रचलित मिश्रधातूत साडेशहाण्णव टक्के कथील, तीन टक्के चांदी आणि अर्धा टक्का तांबं असतं. जुनं शिशाचं सोल्डर १८३ अंश सेल्सियसला वितळायचं. हे नवं वितळायला लागतं २१७ अंशांना. ओव्हन होता २०० वर. म्हणजे चिपखालची एकही गोळी वितळली नाही, आणि तरीही चिप उठली.

[दृश्य: चिपचा उभा छेद. वर सिलिकॉनचा पातळ थर, मध्ये ठिपक्यांची रांग, खाली हिरवट थर, त्याखाली मोठ्या गोळ्या.]

हा छेद नीट पाहा. वर चकाकतो तो सिलिकॉनचा तुकडा, डाय. त्याच्याखालचा हिरवट थर म्हणजे सब्सट्रेट. ज्या गोळ्यांना आपण दोष देतो, त्या सब्सट्रेट आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये आहेत. पण त्यांच्या वर, डाय आणि सब्सट्रेटच्या मध्ये, जोडांची आणखी एक रांग आहे. यांना बंप म्हणतात. एकेक बंप केसाच्या जाडीएवढा, सुमारे १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खरं दुखणं बहुतेक वेळा इथे असतं.

सिलिकॉन तापल्यावर फार थोडं प्रसरण पावतं. सब्सट्रेट त्याच्या कितीतरी पट पसरतो. डाय १० मिलिमीटर रुंद असेल आणि तापमान ६० अंशांनी चढलं, तर दोघांच्या वाढीत सुमारे ७ मायक्रॉनचा फरक पडतो. मधल्या बंपना हा ताण सोसावा लागतो. गेम सुरू केला की ताण, बंद केला की उलटा ताण, असं रोज, वर्षानुवर्षं. हा भार एकट्या बंपवर पडू नये म्हणून त्यांच्या भोवती अंडरफिल नावाचा इपॉक्सी, म्हणजे सुकून कडक होणारा गोंद, भरतात. तो अंडरफिलच कामाच्या तापमानाला मऊ पडू लागला, तर त्याचा आधार सुटतो आणि बंपला तडा जातो.

रोह्स नियम आले त्या काळच्या अनेक चिपमध्ये हे बंप जवळजवळ शुद्ध शिशाचे होते. नियमात त्यांना सूट होती. असं सोल्डर वितळायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. ओव्हनचं सोडाच, कारागिराची हॉट एअर गनसुद्धा बोर्ड तिथवर नेत नाही. नेला तर बोर्ड फुगतो, थर सुटतात आणि चिप कायमची जाते.

मग उष्णतेने होतं काय? सगळं थोडं पसरतं, इपॉक्सी मऊ होतो, थंड होताना किंचित वेगळ्या जागी बसतो, आणि तड्याच्या दोन कडा पुन्हा एकमेकींना टेकतात. वीज वाहू लागते. तडा मात्र तिथेच असतो. पुढच्या ताप-थंडीच्या फेऱ्यांत कडा पुन्हा सरकतात. म्हणून भाजलेला लॅपटॉप कधी काही दिवसांत, कधी काही महिन्यांत परत झोपतो, आणि दुसऱ्यांदा भाजल्यावर सहसा आणखी लवकर.

चिप बोटाने दाबली की डिस्प्ले येतो, असंही खूप जण पुरावा म्हणून सांगतात. पण वरून दाबल्यावर बंप आणि गोळ्या दोन्हींवर दाब पडतो. त्यावरून नेमका कोणता जोड तुटलाय, हे कळत नाही.

[दृश्य: जुन्या लॅपटॉपची रास.]

हे दुखणं किती मोठं होतं, ते कंपन्यांच्या हिशेबात दिसतं. जुलै २००८ मध्ये ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिपच्या पॅकेजिंगमधलं साहित्य कमकुवत असल्याचं जाहीर केलं आणि दुरुस्ती-बदलीसाठी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढले. एचपी, डेल आणि अ‍ॅपल या तिघांची काही मॉडेलं त्यात सापडली. पुढे अमेरिकेत ग्राहकांचा सामूहिक दावा झाला आणि तो तडजोडीने मिटला. सदोष वस्तू विकत घेतलेल्या माणसाने ती ओव्हनमध्ये ठेवली, तर दोष त्याच्या पदरात घालू नये.

[दृश्य: बीजीए स्टेशन, म्हणजे अशा चिप काढण्या-बसवण्याचं यंत्र. बोर्डवर चिकटवलेली थर्मोकपलची, म्हणजे तापमान मोजणारी, बारीक तार.]

नीट काम कसं होतं, तेही पाहू. आधी बोर्ड आणि चिप मंद आचेवर तासन्‌तास सुकवतात. पॅकेजमध्ये मुरलेला ओलावा एकदम तापला, तर त्याची वाफ होऊन चिप आतून फुटते. मग संपूर्ण बोर्ड खालून हळूहळू दीडशेच्या आसपास आणतात, म्हणजे तो वाकत नाही. भोवतालचे प्लॅस्टिकचे कनेक्टर फॉइलने झाकतात, चिपच्या कडेने फ्लक्स, म्हणजे सोल्डर नीट वाहावं म्हणून लावायचं रसायन, सोडतात. त्यानंतरच वरून गरम हवा. थर्मोकपलचा आकडा २३५ ते २४५ च्या मध्ये आला की सोल्डर वितळलेलं असतं. चिमट्याने चिपला हलकेच ढकललं की ती जरा सरकते आणि आपोआप जागेवर परत येते. वितळलेल्या सोल्डरचा पृष्ठताण तिला ओढून आणतो. मदरबोर्डकडचे जोड सुटले होते की नाही, हे त्यानंतरच ठरवता येतं.

लॅपटॉप पडला असेल, बोर्ड वाकला असेल आणि कोपऱ्यातल्या गोळ्या तुटल्या असतील, तर रिफ्लो किंवा जुन्या गोळ्या काढून नव्या बसवणं, म्हणजे रिबॉलिंग, याचा खरा उपयोग होतो. बंप तुटलेल्या चिपला मात्र कितीही सुबक रिबॉलिंग केलं तरी तो तडा तसाच राहतो. तिथे चिपच बदलावी लागते, तीही सुधारित बनावटीची. म्हणून दुकानदाराला चिपवरचा तारखेचा कोड विचारावा. चार आकडे असतात. ०८३३ म्हणजे २००८ चा तेहतिसावा आठवडा. घासून पुन्हा छापलेल्या जुन्या चिपही नव्या म्हणून विकल्या जातात, तेव्हा पृष्ठभागावरचे ओरखडे भिंगातून पाहिलेले बरे.

तरीही कुणाला घरी भाजायचंच असेल, तर जेवणाच्या ओव्हनमध्ये नको, ही माझी कळकळीची विनंती. फ्लक्सची आणि तापलेल्या प्लॅस्टिकची वाफ त्यात बसते, आणि त्यातच पुन्हा अन्न शिजतं. बोर्डवर बॅटरी किंवा सेल राहता कामा नये. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर फुटू शकतात, तेव्हा डोळे जपा. आणि मशीन उठलंच, तर तो मिळालेला वेळ गेममध्ये घालवू नका. एन्क्रिप्शनची किल्ली, सेव्ह केलेले पासवर्ड, लायसन्स, जे त्याच मशीनवर अडकलंय ते आधी बाहेर काढा.

एक वाट अशी आहे, जिच्यात उष्णता लागतच नाही. अनेक लॅपटॉपमध्ये प्रोसेसरच्या पोटात दुसरं, साधं ग्राफिक्स असतं. २०११ च्या पंधरा आणि सतरा इंची मॅकबुक प्रोमध्ये एएमडी या कंपनीची ग्राफिक्स चिप मोठ्या प्रमाणावर दगावली आणि अ‍ॅपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना आणली. ती योजना संपल्यावर लोकांनी बूट सेटिंगमध्ये बदल करून आजारी चिप बंदच ठेवली आणि काम इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर वळवलं. बाहेरचा मॉनिटर चालत नाही, कारण त्याची जोडणी एएमडीच्या चिपमधून जाते. लिहिणं, ब्राउझिंग, व्हिडिओ पाहणं, हे सगळं चालतं.