फुगवट्याची जागा आणि गळाची वेळ

श्रोतेहो, नमस्कार.

नाशिकमध्ये नव्याने गळ हाती घेतलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तो म्हणजे कोणत्या धरणात मासा लागतो. धरणांची आपल्याकडे वाण नाही. गंगापूर, काश्यपी, दारणा, मुकणे, भावली, वैतरणा, करंजवण, वाघाड, ओझरखेड, पालखेड, चणकापूर, गिरणा अशी नावे घेत बसलो तर माझी वेळ त्यातच संपेल. परंतु नुसत्या नावाने काम भागत नाही. त्या धरणाचे पाणी आज कोठवर आले आहे, हे आधी कळावे लागते, कारण आपल्या जिल्ह्यातील मासेमारीची जागा पाण्याच्या काठाबरोबर महिन्यागणिक सरकत असते.

गंगापूर धरणाचेच पाहा. 1965 साली पूर्ण झालेले आणि जवळपास 4 किलोमीटर लांबीचा मातीचा भराव असलेले हे धरण शहरापासून इतके जवळ आहे की सुटीच्या दिवशी हौशी मंडळी थेट भिंतीकडे वळतात. शहराच्या पिण्याचे पाणी तेथून उचलले जात असल्यामुळे भिंत, दरवाजे आणि पाणी उचलण्याच्या विहिरी यांच्या आसपास जाण्यास मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. शिवाय भिंतीलगतच्या खोल पाण्यात माशाला खाण्यासारखे फारसे काही नसते. त्याचे अन्न मिळते ते वरच्या अंगाला, जेथे नदी आणि ओढे धरणात शिरतात, पाणी उथळ असते आणि ऊन तळापर्यंत पोहोचते. या भागाला आपण फुगवटा म्हणतो, आणि गळ टाकणाऱ्याने आधी फुगवटा वाचायला शिकावे.

दिवाळीनंतर रब्बीची आवर्तने, म्हणजे शेतीसाठी कालव्याने पाणी सोडण्याच्या पाळ्या, सुटू लागली की हा फुगवटा आक्रसतो. पुढे उन्हाळी आवर्तने होतात, पाणी आणखी मागे हटते आणि उघड्या पडलेल्या गाळावर शेतकरी गाळपेर करतात. पाणी उतरत असताना काठाचा मासा बिचकतो आणि जुन्या नदीपात्राच्या खोलीकडे सरकतो, म्हणून आवर्तन सुटल्यावर पहिले काही दिवस काठावर ताटकळत बसण्यात अर्थ नसतो. पाणी स्थिरावले की तो पुन्हा बाहेर येतो.

दारणेच्या काठी अनेक वर्षांपूर्वी एका वृद्ध भोईबाबांनी मला सांगितले होते की उन्हाळ्यात एकदा गळ घरी ठेवून नुसते फिरायला यावे. त्या वेळी मला ते चमत्कारिक वाटले. दारणा धरण 1916 सालचे आहे, आणि इतक्या जुन्या जलाशयाचे पाणी ओसरले की एरवी न दिसणारे पुष्कळ काही उघडे पडते. नदीचे मूळ वळण, दगडी बांध, एखाद्या विहिरीचा कठडा, बुडालेल्या झाडाचे खोड अशा खुणा मी त्या वर्षी वहीत काढून ठेवल्या आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या अंदाजानेच बसू लागलो. माझ्या हाती लागलेले बरेचसे मरळ आणि वाम त्या वहीच्या जोरावर लागलेले आहेत. दगडाच्या कपारीला वाम असते आणि गवताच्या आडोशाला मरळ दबा धरून बसतो, हे पाणी भरलेले असताना वरून दिसत नाही.

इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे दारणा, भावली, मुकणे ही धरणे लवकर भरू लागतात. चढणारे पाणी गाळपेरीच्या धसकटांवर पसरते, किडे आणि गांडुळे वर येतात आणि मासा गुडघाभर पाण्यात चरायला येतो. मोह होतो, हे मी जाणतो. परंतु हेच दिवस चढणीच्या माशांचे असतात. अंडी भरलेली मादी ओढ्यात उलट चढत असताना तिला काठीने झोडपून किंवा ओढा जाळ्याने अडवून पकडण्याची आपल्याकडची रीत मला कधीच मान्य झाली नाही. गळकऱ्याने गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबावे. भाद्रपद-आश्विनातील स्थिर, भरलेले पाणी त्याच्यासाठी अधिक चांगले असते. गिरणा धरणाला मात्र हे वेळापत्रक लावू नये. तो भाग कमी पावसाचा आहे, पाणी वरच्या खोऱ्यातून उशिरा पोहोचते, आणि तेथील हंगामही त्यामुळे मागे पडतो.

आता माशांविषयी थोडे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, पण धरणांत मिळणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मूळचे प्रामुख्याने उत्तरेतील गंगेच्या खोऱ्यातले. त्यांना अंडी घालण्यासाठी पावसाळी वाहते पाणी लागते, साचलेल्या पाण्यात ते सहसा विणत नाहीत. 1957 साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन या जातींचे प्रजनन यशस्वी करून दाखवले आणि त्यानंतर मत्स्यबीज केंद्रांत तयार झालेली बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, देशभरातील जलाशयांत सोडणे शक्य झाले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी, तर सायप्रिनस म्हणजे कॉमन कार्प तळाचा चिखल उकरतो. गळ किती खोल सोडायचा, हे यावरून ठरते. पौष-माघात निफाडकडे पारा फार खाली उतरतो तेव्हा द्राक्षबागायतदार पहाटे शेकोट्या पेटवतात आणि मासाही सुस्तावतो. अशा दिवसांत पहाटेचा हट्ट सोडून ऊन चांगले तापल्यावर जावे.

एका ठिकाणाचा उल्लेख मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा नांदूर मध्यमेश्वर बंधारा गाळाने उथळ होत गेला आणि त्यातून पाणथळ तयार झाली. ते ठिकाण 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे आणि 2020 साली राज्यातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. तेथे दुर्बीण न्यावी, गळ नेऊ नये.

इतर धरणांतील मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. बोटुकली त्यांनी पैसे मोजून सोडलेली असते, तेव्हा आधी गावात जाऊन संस्थेच्या माणसाला भेटावे, परवानगी आणि शुल्क विचारावे. जागेची खरी माहितीही तेथेच मिळते. काठावरच्या वस्तीत राम राम घालून दोन शब्द बोलणाऱ्याला कोणी सहसा परत पाठवत नाही. पाण्यात सुरुंग उडवणे किंवा विष कालवणे हा 1897 च्या कायद्यापासून गुन्हा आहे, आणि असे कोठे दिसल्यास त्याच माणसांना कळवावे. गाळावरून चालताना मात्र हातात काठी हवी. वरून भेगाळलेला, वाळलेला दिसणारा गाळ आतून ओला असतो आणि पाय मांडीपर्यंत रुततो.

एवढी तयारी करून सावलीला बसलात, कणकेची गोळी तळाला टेकली आणि मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहिली, की तिच्यावरून नजर काढू नका. ती झटक्याने बुडेल अशी वाट पाहत आपण बसतो, पण सायप्रिनस तळाची गोळी तोंडात धरून वर उचलतो, तेव्हा दोरीचा ताण सुटतो आणि काडी बुडण्याऐवजी वर येऊन पाण्यावर आडवी पडते. नवखा माणूस ती वाऱ्याने पडली असे समजून स्वस्थ बसतो. गळ ओढण्याची वेळ नेमकी तीच असते.

नमस्कार.