खेकड्याची नांगी, धातूंची रांग

(दृश्य : खिडकीत ठेवलेली पाण्याची बाटली)

पाणी नितळ आहे. वास नाही, चव नेहमीचीच. यात निकेल किती असेल? पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅमपर्यंत निकेल चालवून घेतं. दहा हजार लिटरचा टँकर काठोकाठ भरला, तरी त्यात जेमतेम ०.२ ग्रॅम.

एवढंसं शोधायला आधी ते दिसायला हवं. १९०५ साली रशियन रसायनज्ञ लेव चुगायेव यांनी डायमिथिलग्लायॉक्झिम वापरून निकेल ओळखायची रीत दाखवली : निकेल असलं की लालभडक साका. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला तो पाहिलेले पुष्कळ जण असतील. असे सेंद्रिय रेणू धातूला दोन्हीकडून धरतात. मॉर्गन आणि ड्रू यांनी १९२० मध्ये त्यासाठी ग्रीकमधला खेकड्याच्या नांगीचा शब्द उचलला, तोच आपला 'कीलेट'.

(दृश्य : परीक्षानळीत पिवळं द्रावण, थेंब पडताच लाल)

हे धातू ओळखणारं दुसरं रसायन (अभिकर्मक), पीएआर. पूर्ण नाव पायरिडिलअ‍ॅझोरिसॉर्सिनॉल. एका दमात म्हणून बघा. याची नांगी तांबं, निकेल, जस्त, कोबाल्ट, मँगनीज, कुणालाही धरते आणि लाल होते. पण हाती कोण लागलं हे त्या लाल रंगावरून कळायचं कसं?

म्हणून आधी रांग लावायची. या पद्धतीचं नाव आयन क्रोमॅटोग्राफी. पंप नमुन्याला दाबानं कॉलममध्ये ढकलतो. आत बारीक दाणे ठासलेले. वाहत्या द्रावात पीडीसीए नावाची आणखी एक नांगी असते. दाणे धातूला अडवतात, पीडीसीए पुढे ओढतं आणि या ओढाताणीत प्रत्येकाची चाल वेगळी पडते. तांबं आधी, मागून निकेल, मग जस्त, मग कोबाल्ट. दाराशी पीएआर उभंच असतं. एकेक धातू बाहेर पडतो, लाल होतो आणि ५३० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा प्रकाश शोषतो. पडद्यावर टोक वर येतं. लॅबमधले त्याला 'पीक' म्हणतात, शेतातलं नव्हे. बाहेर पडायची वेळ धातूचं नाव सांगते, पीकचं क्षेत्रफळ त्याचं प्रमाण.

(दृश्य : यंत्राच्या मातकट रंगाच्या नळ्या)

घरभेदी मात्र यंत्रातच बसलेला असतो. स्टेनलेस स्टीलमध्ये लोखंड, क्रोमियम आणि बहुतेकदा निकेलही असतं. धातू पकडणारा द्राव स्टीलच्या नळीतून फिरवला, तर तो नळीतलाच धातू सोडवून आणणार. मग सापडलेलं निकेल पाण्यातलं की नळीचं? म्हणून इथे नळ्या पीक नावाच्या प्लास्टिकच्या. हो, हे तिसरं पीक! बाटल्याही नायट्रिक आम्लात भिजवून धुतलेल्या. तरीसुद्धा नमुन्याआधी अतिशुद्ध पाणी एकदा चालवून बघतातच.

या पद्धतीतलं माझं आवडतं उत्तर लोहाचं आहे. बोअरचं पाणी कधी उपसताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत थोडा वेळ राहिलं की तांबूस होतं. विरघळलेल्या फेरस लोहाला हवा लागते, त्याचं फेरिक होतं आणि गंज तळाशी बसतो. एकूण लोह मोजणारं यंत्र दोघांची बेरीज करून मोकळं होतं. इथे फेरिक रांगेत सर्वांत पुढे, फेरस सर्वांत मागे.

(दृश्य : पडद्यावरचा आलेख)

हे पहिलं टोक फेरिकचं. मध्ये तांबं, निकेल, जस्त. थांबा, अजून एक यायचं आहे... आलं. फेरस. बाटलीला हवा लागायच्या आत नमुना यंत्रात गेला होता.