इझमीर : एक कार्ड, एक बोट आणि सकाळचा बोयोझ

(दृश्य : कोनाकचा धक्का. बोट सुटते, मागे सीगल पक्ष्यांचा थवा.)

निवेदन :
तुर्कस्तानातलं इझमीर, सकाळचे आठ वाजलेत. आखातापलीकडच्या कार्शियाकाकडे निघालेल्या या बोटीत बहुतेक मंडळी कामावर जाणारी. हातात चहाचा पेला आणि तिळाचं गोल, कुरकुरीत गेव्रेक. इस्तंबूलमध्ये याला सिमित म्हणतात. इझमीरमध्ये सिमित मागितलंत, तर तुम्ही बाहेरचे आहात हे लगेच ओळखलं जातं. आखात ओलांडायला साधारण वीस मिनिटं लागतात, तीही बसच्या कार्डावर. वेगळी बोटसफर कशाला हवी?

(दृश्य : विमानतळ, स्टेशनकडे जाणारा पूल.)

ते कार्ड म्हणजे ‘इझमिरिम कार्ट’. विमानतळालगतच्या स्टेशनातच ते घ्या आणि त्यात लिरा भरा. बस, मेट्रो, ट्राम, बोट आणि इझबान ही लोकल, सगळीकडे हेच चालतं. ठरावीक वेळेत गाडी बदलली, तर भाड्यात सवलत मिळते. शहराच्या मध्यावर, कोनाकला जायचं तर इझबानने हिलालपर्यंत या आणि तिथे मेट्रो धरा. बास्माने स्टेशनाभोवती साधी, स्वस्त हॉटेलं बरीच आहेत. खोली मात्र आधी बघून घ्यावी, आणि रस्त्याकडची नको.

इझबानमध्ये नवखा माणूस एका ठिकाणी हमखास फसतो. भाडं अंतरानुसार असतं. आत शिरताना जास्तीची रक्कम कापली जाते. बाहेर पडताना परताव्याच्या यंत्रावर कार्ड टेकवलं, तरच उरलेले पैसे परत जमा होतात. गर्दीच्या रेट्यात सरळ बाहेर पडलात, तर ते गेलेच.

(दृश्य : बेकरीची भट्टी. तव्याएवढ्या ट्रेमध्ये बोयोझ.)

न्याहारीला बोयोझ. तेलात भिजवलेल्या पिठाचे पातळ पदर, वरून खरपूस. 1492 मध्ये स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू या भागात आले, त्यांच्याबरोबर हा पदार्थ आला. सोबत भट्टीत भाजलेलं उकडल्यासारखं अंडं, मीठ, मिरी आणि चहा. साधा बोयोझ शाकाहारी असतो. खायचा तो सकाळीच. दुपारपर्यंत चामट होतो.

दुपारी ‘एस्नाफ लोकांतासी’ शोधा, म्हणजे दुकानदार-कारागिरांची खानावळ. पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, बोट दाखवलं की ताट तयार. ‘झेयतिनयाली’ भाज्या ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढतात. फरसबी, आर्टिचोक, लीक : शाकाहारी माणसाला एजियन किनाऱ्यासारखी दुसरी जागा तुर्कस्तानात क्वचितच मिळेल. पण मसुराच्या सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं. विचारा, ‘एत सुयू वार म?’ पाटीवर ‘कियमा’ दिसला तर फार विचार नको. तो आपल्या खिम्याचाच भाऊबंद.

(दृश्य : केमेराल्ती बाजार, किझलाराआसी हान.)

केमेराल्तीत फिरायला पैसे लागत नाहीत. 1744 च्या किझलाराआसी हानाच्या, म्हणजे जुन्या सराईच्या अंगणात कपातच उकळलेली कॉफी मिळते. बाजाराबाहेर चौकात 1901 चा घड्याळाचा मनोरा. तिथून पश्चिमेला काराताशमध्ये 1907 ची उंच लिफ्ट आहे, आसान्सोर. वर गेलात की अख्खं आखात समोर. संध्याकाळी कोर्दोनच्या, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्याच्या हिरवळीवर बसायचं, सूर्यफुलाच्या बिया सोलत. तिथल्या मासळीच्या हॉटेलात शिरायचं असेल, तर आधी वजन आणि भाव विचारा. बिल बहुतेक तिथेच फुगतं.

या आखातात पोहू नका. पाणी अस्वच्छ आहे. ऑगस्ट 2024 मध्ये इथे मेलेल्या माशांचा खच पडला होता. पोहायला किनाऱ्यावरचं चेश्मे गाव गाठा. शहरातल्या फाहरेत्तिन आल्ताय भागातून बस मिळते, अंतर साधारण 80 किलोमीटर. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन भाजून काढतं. मे किंवा सप्टेंबर बरा.

(दृश्य : एफेस, सेल्सस ग्रंथालय.)

मोठा खर्च एकच : एफेस, म्हणजे प्राचीन एफेसस शहराचे अवशेष. 2024 मध्ये परदेशी पर्यटकाचं तिकीट 40 युरो झालं, आणि तिथल्या डोंगरउतारावरच्या प्राचीन घरांचं तिकीट वेगळं. तरी आम्ही म्हणू, इथे कंजुषी नको. वाचवायचे ते प्रवासात. इझबानने तेपेकॉय, तिथे गाडी बदलून एफेसजवळचं सेल्चुक. या दुसऱ्या टप्प्याच्या फेऱ्या मोजक्याच असतात, म्हणून परतीची वेळ आधी टिपून ठेवा. बास्मानेहून सुटणारी देनिझलीची गाडीही सेल्चुकला थांबते. पुढचे तीन किलोमीटर चालत किंवा दोल्मुशने, म्हणजे शेअर मिनीबसने. सावली जवळपास नाही, पाणी जवळ बाळगा. आर्टेमिसच्या देवळाचा उरलासुरला खांब मात्र फुकट बघता येतो.

व्हिसाचं काय? भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा मिळतो, पण अमेरिका, ब्रिटन, आयर्लंड किंवा शेंगेनचा चालू व्हिसा वा रहिवास परवाना असेल तरच. तो नसेल तर व्हिसा केंद्रात अर्ज, म्हणजे हातात अधिक दिवस हवेत.

(दृश्य : रात्रीचा रस्ता.)

विमान पहाटेचं असेल, तर इझबान तेव्हा बंद असते. जुम्हुरियेत चौकातून विमानतळाची 202 क्रमांकाची बस धरा. कार्डात तेवढी शिल्लक ठेवा.