सांग्रो नावाचा बैल

श्रोतेहो, नमस्कार.

खानापूर तालुक्यात मी 32 वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवला. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, तरी लोक काही मला सोडत नाहीत. लग्नाच्या मांडवात, एसटीत, दवाखान्यात नंबर लावून बसलेलो असताना कुणीतरी शेजारी सरकतं आणि म्हणतं, "सर, एक विचारू? खुळ्यासारखं वाटेल बघा." मग जो प्रश्न येतो, तो माझ्या 32 वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत एकदाही आलेला नसतो. आज त्यांतले काही प्रश्न तुमच्यासमोर ठेवतो. ज्यांनी विचारले त्यांची नावं सांगत नाही, पण ही माणसं आपल्याच भागातली आहेत.

आमच्या गल्लीत एक अक्का आहेत. दरवर्षी पंढरीची वारी करतात. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांमुळे जाता आलं नाही, म्हणून आषाढीला घरीच होत्या. मी सकाळी गेलो तर परातीत साबुदाणा भिजलेला, बाजूला शेंगदाण्याचं कूट, चिरलेल्या हिरव्या मिरच्या, उकडलेले बटाटे आणि चुलीवर रताळी. अक्का मध्येच हात थांबवून म्हणाल्या, "सर, ज्ञानोबा माउली एकादशीला काय खात असतील ओ?"

मी "हेच की" म्हणायला तोंड उघडलं आणि गप्प झालो. त्या परातीकडे पुन्हा एकदा नीट बघितलं.

बटाटा हा पेरू आणि बोलिव्हियाच्या उंच डोंगरांतला. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, मिरची मेक्सिकोकडची, रताळं तिकडचंच. साबुदाणा आज ज्या कंदापासून करतात तो कसावाही ब्राझीलच्या बाजूचा. माउलींनी आळंदीला समाधी घेतली 1296 साली. कोलंबस अमेरिकेच्या बेटांवर उतरला 1492 ला, म्हणजे जवळजवळ 200 वर्षांनी. वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये, आणि 1510 ला पोर्तुगिजांनी गोवा घेतला. त्यानंतर त्यांच्या जहाजांतून हे सगळं हळूहळू आपल्या किनाऱ्याला लागलं आणि घाट चढून वर आलं. तेव्हा अक्कांच्या परातीत जे जे होतं, त्यातलं मीठ सोडलं तर माउलींनी काहीच पाहिलेलं नव्हतं.

अक्का माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि आमच्या बेळगुंदीची रताळी?"

हा प्रश्न खरा जिव्हारी लागणारा होता. बेळगावच्या पश्चिमेला तांबड्या मातीत मृगाचा पाऊस झाला की बांधावर वेल लावायचे, दसऱ्यापासून काढणी, ट्रक भरून थेट दिल्लीपर्यंत माल. ते रताळं परक्याचं कसं म्हणायचं? पण गंमत पुढेच आहे. 'बटाटा' हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला, आणि त्यांनी तो उचलला कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांकडून. त्या लोकांच्या बोलीत बटाटा म्हणजे रताळं! पुढे पेरूकडचा तो दुसरा कंद हाती आला तेव्हा त्यालाही तेच नाव चिकटलं. म्हणजे भाजीवाल्याकडे आपण बटाटा मागतो तेव्हा दूरच्या एका बेटावरच्या माणसांच्या तोंडचा शब्द बोलत असतो. त्यातले बहुतेक लोक कोलंबसानंतरच्या दोन पिढ्यांत साथींनी आणि गुलामीने संपले. शब्द मागे राहिला.

मिरचीचंही तसंच. आपली संकेश्वरी मिरची म्हणजे या भागाचा मान. पण मिरचीला मिरची का म्हणतात? कारण त्याआधी तिखटासाठी आपल्याकडे मिरी होती, पिंपळी होती, आलं होतं. नवं तिखट आलं आणि जुन्याच्या नावावर त्याचं नाव पडलं. कोलंबस घरातून निघाला होता तो मिरीच्या शोधात. मिरी त्याला सापडली नाही, मिरची सापडली.

मग माउली काय खात असतील? वरी, सुरण, शिंगाडा, केळी, दूध हे सगळं इथं तेव्हाही होतं. अक्कांनी त्या दिवशी साबुदाणा तर केलाच, पण संध्याकाळी एका वाटीत वरीचा भात आणि ताक घेऊन माझ्या दारात आल्या. "हे माउलींचं," म्हणाल्या.

दुसरा प्रश्न सांगताना मला आजही वाईट वाटतं. नोकरीचं तिसरं की चौथं वर्ष असेल. आठवीच्या वर्गात मागच्या बाकावरच्या एका मुलानं हात वर केला. म्हणाला, "सर, सप्टेंबर म्हणजे सप्त, ऑक्टोबर म्हणजे अष्ट, नोव्हेंबर नव, डिसेंबर दश. मग डिसेंबर बारावा कसा?" मला उत्तर माहीत नव्हतं. मी म्हटलं, "परीक्षेला येत नाही, बस खाली." तो बसला. वर्षभर पुन्हा त्यानं हात वर केला नाही.

त्याचं उत्तर मी नंतर शोधलं, पण त्याला द्यायचं राहून गेलं. तो मुलगा आता कुठे असेल कोण जाणे. ऐकत असेल तर आज त्याच्यासाठी सांगतो. बाळ, तुझा कान बरोबर होता. लॅटिन आणि संस्कृत या एकाच घराण्यातल्या भाषा, म्हणून सप्त आणि सेप्टेम, अष्ट आणि ऑक्टो, दश आणि डेसेम यांची तोंडावळ्याची सारखी ओळख पटते. रोमन लोकांचं जुनं वर्ष मार्चपासून सुरू व्हायचं, आपल्या चैत्रासारखं. मार्चपासून मोज, डिसेंबर दहावाच येतो. जुलै-ऑगस्टचीही आधीची नावं 'पाचवा' आणि 'सहावा' अशाच अर्थाची होती. ज्युलियस सीझर आणि ऑगस्टस यांच्या मानासाठी ती बदलली. इसवी सनापूर्वी 153 पासून रोमचे नवे अधिकारी 1 जानेवारीला पदावर बसू लागले आणि वर्षाची सुरुवात तिकडे सरकली. सप्टेंबर ते डिसेंबर ही नावं मात्र तशीच राहिली.

याच पंचांगाच्या घोळातून आपल्याकडचा एक प्रश्न येतो, आणि तो दरवर्षी कुणी ना कुणी विचारतोच. बेळगावात शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक वैशाखात निघते. गल्लीगल्लीतले चित्ररथ, ढोल-ताशे, पहाटेपर्यंत रस्ते भरलेले. तिकडे महाराष्ट्रात सरकारी सुट्टी 19 फेब्रुवारीला, आणि कुणी फाल्गुन वद्य तृतीयेला उत्सव करतात. "सर, खरी तारीख कुठली?"

वैशाखाची तिथी जुन्या बखरींच्या परंपरेतून आली, वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549. पुढे लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सनावार नोंदींची जुनी वही, उजेडात आणली. तिच्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551 अशी नोंद मिळाली, आणि इतिहासकारांचा कल तिकडे गेला. त्या तिथीची इंग्रजी तारीख म्हणजे 19 फेब्रुवारी 1630. पण थांबा, ही 19 फेब्रुवारी जुन्या ज्युलियन पद्धतीची आहे. आज भिंतीवर जे कॅलेंडर लावतो, त्याच्या हिशेबानं तो दिवस 1 मार्च येतो.

हे 10 दिवस गेले कुठे? ज्युलियस सीझरनं वर्ष 365 दिवस आणि सहा तासांचं धरलं होतं. खरं वर्ष त्याहून सुमारे 11 मिनिटांनी लहान. 11 मिनिटं म्हणजे चहा पिण्याइतका वेळ, पण शेकडो वर्षं साठत गेला तर ईस्टरचा सण ऋतूतून सरकायला लागतो. म्हणून 1582 साली पोप ग्रेगरी तेरावे यांनी 10 दिवस सरळ काढून टाकले. त्या वर्षी 4 ऑक्टोबरला रात्री झोपलेली माणसं सकाळी 15 ऑक्टोबरला उठली. पोर्तुगालसारख्या कॅथलिक देशांनी हे लगेच मानलं. इंग्रज मात्र पोपचं ऐकायला तयार नव्हते; ते 1752 पर्यंत जुन्याच पद्धतीनं चालले. आता डोळ्यांसमोर आणा, महाराजांचा राज्याभिषेक झाला त्या दिवशी मुंबईच्या इंग्रजांच्या कागदावर 6 जून 1674 होतं आणि खाडीपलीकडच्या वसईत पोर्तुगिजांच्या कागदावर 16 जून. आपल्या पंचांगात दोन्हीकडे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीच. जगातल्या दोन धर्मपंथांचं भांडण आपल्या राजाच्या तारखेत येऊन बसलंय, आणि ते शोधून काढायला निमित्त झाली आपल्या गल्लीतली मिरवणूक.

काही प्रश्न झटपट सुटतात. नेपोलियन बुटका होता का? नव्हता, फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा, त्यामुळे आकडा फसवा दिसला. तो 168 सेंटिमीटरच्या आसपास होता, त्या काळच्या फ्रेंच माणसाच्या मानानं चांगला. चीनची भिंत चंद्रावरून दिसते का? नाही दिसत. बैलहोंगलकडच्या एका मित्रानं विचारलं, "आमचा वाडा अमेरिकेच्या लढाईत बांधला असं आजी म्हणायची, म्हणजे काय?" म्हणजे असं, की 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. लिंकनच्या आरमारानं दक्षिणेतली बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि धारवाड-बेळगावच्या काळ्या रानातल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. वाडे उठले, सोनं आलं. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. मित्राच्या वाड्याचा वरचा मजला अर्धाच आहे. तो तसाच का राहिला असेल, हे आता त्याचं त्यानंच ओळखलं.

आता शेवटचा प्रश्न, ज्यासाठी खरं तर मी आज इथं बसलोय.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, हे तुम्हाला सांगायला नको. शंभर वर्षांहून अधिक काळ ते इथं आहे. कॅम्पातल्या माणसाला 'शरकत' हा शब्द माहीत असतो. तिथल्या युद्धस्मारकाचं नाव ते. पण शरकत कुठे आहे? इराकमध्ये, टायग्रिस नदीच्या काठी. पहिल्या महायुद्धाच्या अगदी शेवटी, ऑक्टोबर 1918 मध्ये, 114 वी मराठा पलटण तिथं तुर्कांशी लढली. 30 ऑक्टोबरला तर तुर्कस्ताननं शस्त्रसंधीवर सही केली. आणि त्याच शरकतजवळ जमिनीखाली अश्शूर हे शहर आहे, ज्यावरून असिरियन साम्राज्याला नाव पडलं. लढाईच्या चारच वर्षं आधीपर्यंत जर्मन संशोधक तिथं खणत होते. आपल्या भागातली शेतकऱ्यांची पोरं त्या ढिगाऱ्यांच्या आसपास रक्त सांडत होती, आणि त्यांच्या घरी पोचला तो फक्त एक शब्द.

असाच एक शब्द मला गेल्या वर्षी एका गावात भेटला. गावाचं नाव नको. तिथला एक तरुण, पोल्ट्री चालवतो, चार एकर ऊसही आहे. म्हणाला, "सर, आमच्या गोठ्यात एका बैलाचं नाव कायम सांग्रो असतंय. एक गेला की त्याच्या जागी येणारा पण सांग्रोच. पणजोबांनी घालून दिलंय म्हणत्यात. याचा अर्थ काय? कन्नडात नाही, मराठीत नाही. भटजीला पण विचारलं."

मी विचारलं, पणजोबा लष्करात होते का? होते. 1946 ला पेन्शनीवर आले, बैलजोडी घेतली. एक राजा, एक सांग्रो. माझ्या सांगण्यावरून त्यानं माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. तळाला, डांबरगोळ्यांचा वास लागलेल्या एका पंच्यात, पितळेसारख्या रंगाचा सहा टोकांचा तारा होता. त्याला जुनी फीत: लाल, पांढरा, हिरवा, पुन्हा पांढरा, पुन्हा लाल. ते इटलीच्या झेंड्याचे रंग. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेल्यांना मिळालेलं 'इटली स्टार' हे पदक.

सांग्रो ही इटलीतली नदी आहे. डोंगरातून येऊन एड्रियाटिक समुद्राला मिळते. नोव्हेंबर 1943 मध्ये तिच्या पलीकडे जर्मनांनी मोर्चे बांधले होते. पाऊस थांबत नव्हता, नदीला पूर आला, टाकलेले पूल वाहून गेले. तिथं लढलेल्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन होती. ज्या भारतीय जवानांवर तेव्हा अग्निसंस्कार झाले, त्यांच्या नावांचं स्मारक आज त्या नदीजवळच्या युद्धस्मशानात आहे.

पणजोबांनी घरात कधी काही सांगितलं नाही. त्यांची सून, म्हणजे या मुलाची आजी, अजून आहे. तिला एवढंच आठवतं, की मळ्याजवळच्या ओढ्याला पाणी चढलं की म्हातारा बैल सोडवून आणायला स्वतः जायचा, दुसऱ्या कुणाला जाऊ द्यायचा नाही. आणि पाण्यातून येताना मोठ्यानं हाक मारायचा, "चल सांग्रो, चल, पोचलो."

मी नकाशा उघडून त्या तरुणाला नदी दाखवली. बराच वेळ तो त्या निळ्या रेघेवर बोट ठेवून होता. मग म्हणाला, "सर, पलीकडं पोचले व्हते न्हवं?"

पोचले होते, म्हटलं.

यंदा बेंदराला मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. बैल धुऊन अंगणात बांधले होते, पुरणपोळीचा वास सुटला होता. राजाची शिंगं नेहमीसारखी हिंगुळानं रंगवलेली. सांग्रोच्या शिंगांवर मात्र पट्टे होते: लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. आजी खुर्चीवर बसून त्याच्या गळ्यात घुंगुरमाळ बांधत होती.