रस्त्याच्या पोटातली नळी

(पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, ‘ब्रॉडबँड आणि शासनाची जबाबदारी’ हा आजचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात मी खोदाईपासून करणार आहे. फायबरची, म्हणजे इंटरनेट वाहून नेणाऱ्या तंतूची, काच तुलनेने स्वस्त असते. ती पुरण्यासाठी रस्ता खोदणे, तो पूर्ववत करणे आणि त्याची परवानगी मिळवणे यांत खरा पैसा आणि वेळ जातो.

पेठेतल्या आमच्या गल्लीत एका वर्षी नोव्हेंबर ते मार्च या काळात तीनदा खोदाई झाली. आधी जलवाहिनीसाठी, मग एका कंपनीच्या फायबरसाठी, आणि त्यावर काँक्रीट पडून जेमतेम महिना झाला असेल, तोच सांडपाण्याच्या चेंबरसाठी. तिसऱ्या खेपेला जेसीबीच्या दातांत अडकून एक केशरी नळी वर आली आणि सगळ्या गल्लीचे इंटरनेट बंद पडले. खालच्या मजल्यावरच्या मुलीच्या सीईटीच्या अर्जाची मुदत त्याच रात्री संपत होती; ती आईबरोबर रिक्षाने मावशीकडे गेली आणि तिथून अर्ज भरून आली. मी तावातावाने खाली उतरलो, तर जेसीबीचा चालक शांतपणे म्हणाला, ‘काका, खाली काय आहे ते मला कुणी सांगितलंय का?’

त्याचे म्हणणे बिनतोड होते. दुसऱ्या दिवशी परवानगी देणाऱ्या कार्यालयात मी त्या फायबरच्या खोदाईची फाईल पाहिली. किती मीटर खोदाई आणि किती शुल्क याची त्यात चोख नोंद होती, पण नळी रस्त्याच्या कोणत्या कडेने आणि किती खोलवरून गेली, याबद्दल एक ओळही नव्हती. फायबर साधारण १.६५ मीटर खोल पुरावी असा दूरसंचार क्षेत्रातला प्रस्थापित दंडक आहे. आमच्याकडे ती हातभर खोलीवर निघाली. त्या मुलीचा अर्ज भरला गेला, म्हणून हे प्रकरण तिथेच संपले असे मला आजही वाटत नाही.

माझा आग्रह एवढाच आहे, की रस्ता बांधतानाच त्याच्या कडेने रिकामा डक्ट, म्हणजे पुढे केबल ओढता येईल अशी मोकळी नळी, टाकावा, ठरावीक अंतरावर चेंबर ठेवावेत, आणि ही मालमत्ता सार्वजनिक मालकीची राहून तिच्यातून फायबर ओढण्याची मुभा प्रत्येक कंपनीला समान दराने मिळावी. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्वतःची कंपनी काढून याच्याही पुढचे पाऊल टाकले. तिथे शहराच्या मालकीची फायबरच सर्वांना सारख्या अटींवर भाड्याने मिळते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, त्यामुळे गावांचा भाग थोडक्यात सांगतो. सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना जोडण्याची योजना केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. तिची आखणी सरळ रेषेतली होती, म्हणजे भोरच्या घाटात एका पावसाळ्यात दरड कोसळून केबल तुटली, की त्या रेषेवरची पुढची सगळी गावे तुटणार. शिवाय ग्रामपंचायत कार्यालयातल्या पेटीपर्यंत फायबर पोहोचली, तरी तिथून शाळेत, आरोग्य उपकेंद्रात आणि घरात ती कोणी न्यायची, हा प्रश्न उरतोच. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमात वर्तुळाकार जोडणी (एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने चालू राहणारी) आणि दहा वर्षांची देखभाल यांचा समावेश आहे, ही फार मोलाची दुरुस्ती आहे.

देखभालीचे पैसे मात्र किती किलोमीटर केबल टाकली यावर न देता जोडणी महिन्यातून किती तास चालू राहिली यावर द्यावेत, आणि तुटलेली फायबर जोडणारा प्रशिक्षित माणूस व त्याचे स्प्लायसिंगचे यंत्र तालुक्यातच असावे. ते जिल्ह्याहून मागवण्यात दिवस जातात.

नकाशाचे कामही आजपासून करता येण्यासारखे आहे. खोदाईपूर्वी केबलच्या मालकाला कळवण्यासाठी ‘कॉल बिफोर यू डिग’ हे केंद्राचे ॲप २०२३ पासून उपलब्ध आहे, परंतु खालच्या केबलची नोंदच नसेल तर ते कोणाला कळवणार? म्हणून पुण्यातल्या प्रत्येक नव्या काँक्रीट रस्त्याच्या निविदेत एक अट घालावी: डक्टची जागा, खोली आणि चेंबरचे अक्षांश-रेखांश महापालिकेच्या नकाशावर चढल्याखेरीज कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर होऊ नये.